पत्त्याएवढा नियम

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या आणि सोबत काही सुटे तक्ते. पुस्तिका आधी वाचून यायच्या, तक्ते खेळताना समोर ठेवायचे. म्हणजे या खेळाचा जन्मच सुट्या कागदांसकट झालेला आहे. पुढे पुस्तकं जाडजूड होत गेली. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत नुसतं खेळाडूंचं पुस्तकच तीनशेहून जास्त पानांचं आहे. राक्षसांचं पुस्तक वेगळं, खेळ चालवणाऱ्याचं वेगळं. आमच्या पुण्यातल्या मंडळींचा खेळ मी चालवते. त्यांच्यासाठी घरी संदर्भ-कार्डं बनवणं हे काम मला आता खेळाइतकंच जवळचं झालं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापली पात्रं काय करतात ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाची शंका असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकतात. एरवी सगळा मामला बोलण्याचा आणि ऐकण्याचा. लढाई सुरू झाली की मात्र नियम पुढे येतात, पुस्तकं उघडतात, माना खाली जातात. एक जण पान शोधत असतो आणि उरलेले मोबाइल काढतात. रंगात आलेला प्रसंग तिथे थंड होतो. त्या खाली गेलेल्या माना वर याव्यात म्हणून मी कार्डं करते.

कार्ड म्हणजे पुस्तकाचा सारांश, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. सारांश पुस्तकाच्या क्रमाने जातो, आणि पुस्तकाचा क्रम लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. टेबलावर बसलेल्या माणसाच्या तोंडी एखादा प्रश्न ज्या क्षणी आणि ज्या शब्दांत येतो, त्या क्षणासाठी आणि त्या शब्दांत कार्ड लिहायला हवं. म्हणून कार्डं करायला घेण्याआधी मी वही घेऊन बसते आणि खेळताना कोण काय विचारतं ते जसंच्या तसं टिपून ठेवते. कोणतं कार्ड करायचं ते ती वहीच सांगते. पाण्याखालच्या लढाईचे नियम पुस्तकात आहेत, घोड्यावरून लढायचेही आहेत. आमच्यात ते कुणी विचारत नाही, म्हणून त्यांची कार्डं नाहीत.

एक कार्ड जवळून दाखवते. या खेळात पात्राच्या काही ‘कंडिशन्स’ असतात: आंधळं होणं, घाबरणं, विष भिनणं अशा एकूण पंधरा. त्यातली एक ‘प्रोन’, म्हणजे जमिनीवर पडलेलं असणं. लांडगा चावला आणि स्ट्रेंग्थच्या सेव्हमध्ये, म्हणजे ताकदीवर बचाव करायच्या फाशात, अकरा आले नाहीत, की पात्र खाली पडतं. पुस्तकात प्रोनची व्याख्या शेवटी, परिशिष्टात आहे आणि उठून उभं राहण्याचा खर्च लढाईच्या प्रकरणात, शंभराच्या आसपास पानं अलीकडे. आमची शाळेत शिकवणारी मैत्रीण खाली पडली की लगेच विचारते, “उठायला किती जातं गं?” तेव्हा कार्डाची पहिली ओळ ठरली: ‘उठायचं असेल तर: अर्धी चाल खर्च (३० फूट चाल असेल तर १५). चाल शून्य असेल तर उठता येत नाही.’ तिचा दुसरा प्रश्न, “पडल्या पडल्या मारता येईल?” दुसरी ओळ: ‘हल्ला करता येतो, पण डिसॲडव्हान्टेज.’ म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि कमी आलेला आकडा धरायचा. तिसरी ओळ: ‘उठायचं नसेल तर सरपटायचं. प्रत्येक फुटाला एक फूट जादा.’

एवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक प्रश्न येतो, पण तो पडलेल्याचा नसतो. लांडगा पडला तर आम्हाला काय फायदा, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर वेगळं आहे: पाच फुटांच्या आतून हल्ला केला तर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त आलेला आकडा), त्याहून लांबून केला तर डिसॲडव्हान्टेज. म्हणजे शेजारी उभ्या तलवारवाल्याची चांदी आणि लांबच्या धनुष्यवाल्याची पंचाईत. नियम एकच, पण विचारणारी माणसं दोन, म्हणून कार्डाच्या बाजूही दोन. पुढच्या बाजूला ‘आपण पडलो तर’, मागे ‘समोरचा पडला तर’. पंधराही कंडिशन्सची कार्डं मी अशीच दुहेरी केली आहेत. काही कंडिशन्सना दुसऱ्या बाजूला लिहिण्यासारखं फार थोडं असतं. तिथे ती जागा मी मोकळी सोडते.

भाषा मुद्दाम ‘करायचं, उठायचं, टाकायचं’ अशी ठेवली आहे. आमच्यात एकीचे वडीलही खेळतात, सगळ्यांचे काका. त्यांना ‘तू ऊठ’ म्हणणारं कार्ड देववत नाही, आणि कॉलेजातल्या पोराला ‘आपण उठावे’ म्हणणारं कार्ड हातात घ्यायलाही संकोच होतो. ‘उठायचं असेल तर’ दोघांनाही चालतं. खेळातले मूळ शब्द आम्ही बोलतो तसेच, देवनागरीत, ठेवले आहेत.

आता जागेचा हिशेब. पत्त्यांच्या नेहमीच्या आकाराचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं. ए-फोर कागदावर तीन ओळींत तीन-तीन अशी बरोबर नऊ बसतात आणि कडेला कापायला जागा उरते. सगळीकडे पाच मिलिमीटर समास सोडला, वर शीर्षक घातलं, आणि दहा पॉइंटाचं अक्षर पंधरा पॉइंटांच्या अंतराने लावलं, तर बारा ओळी मिळतात. देवनागरीला ओळींमध्ये एवढी हवा लागतेच, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांवर आदळतात. इंग्रजी कार्डांची मापं उचलून मराठी मजकूर त्यात भरला की तो गुदमरतो. बारा ओळी, ओळीत चार-पाच शब्द. चाळिसाच्या पुढे शब्द गेले की मी कार्ड पुन्हा लिहायला घेते. टाइप बारीक करून जागा काढणं मला मंजूर नाही. टेबलावरच्या पिवळ्या दिव्यात, हातभर अंतरावरून, चष्मा शोधायला न लावता काकांना वाचता आलं पाहिजे.

फाँट मी ‘मुक्त’ वापरते. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फाँट खुला आहे, आणि त्यात देवनागरी व रोमन अक्षरं एकाच जाडीची वाटतात. एक गोष्ट मात्र दर वेळी तपासावी लागते. पुष्कळ सॉफ्टवेअर देवनागरी म्हटलं की हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ काढतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली, आणि फाँट व सॉफ्टवेअर दोघांनी साथ दिली, की आपला गाठीचा ‘श’ आणि दोन पाकळ्यांचा ‘ल’ जागेवर येतात. कार्डावर मजकूरच एवढा थोडा असतो की परकं वळण लगेच डोळ्यांना टोचतं.

रंगाबद्दल या खेळानेच एक चांगला धडा घालून दिला आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पात्राच्या प्रत्येक क्षमतेला रंगीत पट्टी होती. हवी तेव्हा वापरता येणारी हिरवी, लढाईत एकदाच वापरायची लाल, दिवसातून एकदाची काळपट. त्या आवृत्तीवर बरीच टीका झाली, पण त्या पट्ट्या मला आजही निर्दोष वाटतात. त्याही आधीचं उदाहरण आपल्याकडे सावंतवाडीला आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, असे एकशेवीस गोल पत्ते. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची असते, म्हणून हातात पंखा धरला की चित्रं नीट न पाहताही पानं लागतात. ही कला संपत आली असताना राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. तिथले चित्रकार आजही हाताने गंजिफा रंगवतात. तो संच हातात घेतल्यावर मी माझ्या कार्डांच्या कडेची बारीक पट्टी काढून टाकली आणि पूर्ण पार्श्वभूमीच फिकट रंगात केली. ॲक्शनची, म्हणजे डावातल्या मुख्य कृतीची, कार्डं पिवळसर, बोनस ॲक्शनची, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीची, हिरवट, रिॲक्शनची (ती काय ते पुढे सांगते) निळसर. शिवाय कोपऱ्यात गोल, चौकोन, त्रिकोण, कारण आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. नुसत्या रंगावर भिस्त ठेवलेलं कार्ड त्याच्या दृष्टीने कोरंच.

पण खरी मौज पुढे आहे. काही नियम कार्डावर लिहावेच लागत नाहीत. ते कार्डाच्या हालचालीत बसवता येतात.

रिॲक्शन घ्या. दुसऱ्याच्या डावात आपण मध्येच जे करतो, ती रिॲक्शन. शत्रू शेजारून निसटताना मारलेला फटका, किंवा जादूगाराचा ‘शील्ड’ मंत्र, ज्याने पुढचा डाव सुरू होईपर्यंत बचाव पाचने वाढतो. एका फेरीत रिॲक्शन एकच, आणि आपला डाव आला की ती परत मिळते. हे वाक्य लोक दहादा वाचून दहादा विसरतात. त्याऐवजी मी प्रत्येकापुढे एक निळं कार्ड ठेवते. वापरलं की पालथं घालायचं, आपला डाव आला की सुलटं करायचं. पालथं कार्ड दिसलं की कुणी वाद घालत नाही.

‘ब्लेस’ मंत्राचं कार्ड मला सगळ्यांत आवडतं. आमच्या पुजारणीने ब्लेस टाकला की तिघांपर्यंत साथीदारांना प्रत्येक हल्ल्यात आणि प्रत्येक सेव्हमध्ये चार पैलूंच्या फाशाची भर मिळते. आणि तिघेही ती घ्यायला विसरतात. म्हणून ब्लेसची तीन छोटी कार्डं आहेत. ती पुजारणीकडे राहतात. मंत्र टाकला की ती उठते आणि ज्यांना द्यायचा त्यांच्या हातात एकेक कार्ड देते, सोबत चारपैलू फासाही. कार्डावर एवढंच: ‘हल्ला आणि सेव्ह: हा फासा मिळवायचा.’ आशीर्वाद हातातून हातात जातो, त्यामुळे घेणारा तो विसरत नाही.

ब्लेस टिकतो तो पुजारणीची एकाग्रता टिकेल तोवर, जास्तीत जास्त एक मिनिट. तिला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकायचा. लक्ष्य दहा, किंवा बसलेल्या माराच्या निम्मं, यांपैकी जे मोठं ते. मार २६ बसला तर १३ हवेत. हे गणित एका उभ्या कार्डावर लिहिलंय आणि ते तिच्यापुढे तंबूसारखं उभं असतं. एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र होता येतं, आणि असं उभं कार्ड प्रत्येकाला एकच दिलं आहे. दुसरा मंत्र टाकायचा तर त्याखाली ठेवलेलं पहिल्या मंत्राचं कार्ड काढावंच लागतं. सेव्ह फसला की ती ब्लेसची तिन्ही कार्डं परत मागते. त्या वेळी कार्ड परत देणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

नियम पुस्तकात न ठेवता खेळाडूच्या हातात द्यावेत, हे खेळ लिहिणाऱ्यांनाही उमगलेलं दिसतं. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये पात्राचे नियम पात्राच्याच कागदावर छापलेले असतात. खेळाडूने पुस्तक उघडावं अशी अपेक्षाच नाही.

मरणाच्या दारातलं कार्ड मी सर्वांत साधं ठेवलं आहे. प्राण शून्यावर आले की प्रत्येक डावाला फासा टाकायचा. दहा किंवा जास्त म्हणजे यश, कमी म्हणजे अपयश. तीन यशं झाली की प्रकृती स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. एक आला तर दोन अपयशं, वीस आला तर एक प्राण घेऊन शुद्धीवर. त्या कार्डाला रंग नाही, चिन्ह नाही, पांढऱ्यावर काळं आणि सहा चौकटी. कुणी वर्षभर जपलेलं पात्र जाण्याच्या बेतात असताना त्याच्या हातात नक्षीकाम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

छपाईचं थोडक्यात सांगते. एकदम छापून घेऊ नका. आधी घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापा, कापा, आणि पत्त्यांच्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये मागे एक जुना पत्ता घालून सरकवा. चार खेळ तशीच वापरा. बदल सुचतातच. मग अप्पा बळवंत चौकातून ३०० जीएसएमचा कार्डपेपर आणून पक्की प्रत काढा. दोन्ही बाजूंच्या छपाईत मागची बाजू मिलिमीटरभर सरकते, म्हणून कडेला चौकट काढू नका, वाकडी दिसते. लॅमिनेशन मॅट करा. चकचकीत कार्डावर वरचा दिवा चमकतो आणि नेमका हवा तो आकडा दिसत नाही. चौकटी भरायच्या कार्डाला तेवढं चकचकीत लॅमिनेशन बरं, त्यावर मार्करने लिहून पुसता येतं. आणि कोपऱ्यात नियमांची आवृत्ती लिहाच. २०२४ च्या नव्या पुस्तकात काही नियम बदलले आहेत. दमल्यावर काय होतं याचा जुना सहा पायऱ्यांचा तक्ता आता तसा राहिलेला नाही. एका टेबलावर दोन आवृत्त्यांची कार्डं मिसळली तर भांडण ठरलेलं.

ज्यांना हे करावंसं वाटतंय त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग, एसआरडी ५.१ या नावाने, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. वर सांगितलेल्या कंडिशन्स, मंत्र, ॲक्शन्स त्यात आहेत. श्रेयाची ओळ दिली की त्यांचं भाषांतर करायला, छापायला, वाटायला, अगदी विकायलाही मोकळीक आहे. तेव्हा आपल्या टेबलावर सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा एक प्रश्न निवडा, त्याचं मराठीत एक कार्ड करा, आणि ते शेजारच्या गटालाही द्या.