सुपलींतल्या कांचा

आपल्या घरोघरीं ‘पंचनामा’ हा शब्द बहुधा थट्टेनेंच वापरला जातो. सून माहेराहून परतली कीं तिच्या पेटीचा पंचनामा होतो. मुलाचें प्रगतिपुस्तक हातीं आलें कीं त्याचा होतो. मींही तीस वर्षें शाळेंत निबंधांच्या वह्यांचे पंचनामे केले. परंतु खरा पंचनामा म्हणजे काय, हें मला साठी उलटल्यावर कळलें. आणि तें अशा रीतीनें कळलें कीं त्याची आठवण झाली म्हणजे अजून माझी मान खालीं जाते.

२०१४ सालच्या कार्तिकांतली ही गोष्ट. आमच्या मंगळवार पेठेंतील शेजारच्या काकू लग्नासाठीं सांगलीस गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं परतून पाहतात तों कपाट उघडें, पाटल्या नाहींशा झालेल्या आणि परसाकडील खिडकीची कांच फुटलेली! घराची एक किल्ली धुण्याभांड्याच्या बाईजवळ असे. ती त्या घरीं पंधरा वर्षें कामास होती.

काकूंची हांक ऐकून मी धांवत गेलें. पोलिसांस वर्दी दिली, परंतु ते येण्यास अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासांत मीं काय केलें? पदर खोचला, विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, कपाटाचें दार पुसून लावलें, खिडकीच्या चौकटींत अडकलेले तुकडे उपटून काढले, आणि कोणाच्या पायांत रुतूं नयेत म्हणून साऱ्या कांचा झाडून सुपलींत भरल्या. मग काकूंना चहा करून दिला. संकटांत आपण शेजाऱ्याच्या उपयोगीं पडलों, याचें मला समाधानही वाटत होतें.

फौजदार आले ते उंबऱ्यावरच थांबले. आंत पाऊल टाकण्यापूर्वीं त्यांनीं जमिनीकडे पाहिलें, मग सुपलीकडे, मग माझ्याकडे. ते रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “बाई, कांचा खोलींत पडल्या होत्या कीं बाहेर परसांत?”

मी बोलूं लागलें आणि अडखळलें. मीं खोलीही झाडली होती आणि बाहेरची पायरीही. कोठें किती कांचा होत्या, तें कांहीं केल्या आठवेना.

त्या प्रश्नाचें मर्म मला मागाहून उमगलें. खिडकी बाहेरून फोडली तर बहुतेक कांचा आंत पडतात; कांहीं बारीक कण तेवढे फोडणाऱ्याच्या बाजूस उलटे उडतात. आंतून फोडल्यास हाच प्रकार उलट होतो. चोर बाहेरून आला, कीं किल्ली असलेल्या माणसानें दारानें येऊन चोरीचा देखावा केला, याचा कांहीं तरी अंदाज त्या सड्यावरून बांधतां आला असता. चौकटींत राहिलेल्या तुकड्यांच्या कडांवर ज्या वक्र रेषा असतात, त्यांवरूनही तज्ज्ञ आघाताची दिशा ओळखतात. परंतु तो तुकडा कसा बसला होता आणि त्याची कोणती बाजू आंतली, हें ठाऊक असावें लागतें. माझ्या सुपलींत सर्व तुकडे एकत्र झाले होते.

पुढचा तास मी कोपऱ्यांत उभी राहून पाहत होतें. त्यांनीं जाण्यायेण्याची एकच वाट ठरविली. प्रथम दारांतून सबंध खोलीचें छायाचित्र, मग कपाटाचें व खिडकीचें, आणि शेवटीं एकेका खुणेशेजारीं मोजपट्टी ठेवून अगदीं जवळून. त्यानंतर कच्चा नकाशा. प्रत्येक वस्तूचें अंतर दोन पक्क्या ठिकाणांपासून मोजलेलें, म्हणजे पुढें कोणासही ती वस्तू कागदावर जागच्या जागीं ठेवतां यावी. इतकें झाल्यावर मग वस्तूंस हात! बोटांच्या ठशांचें कार्यालय कलकत्त्यास १८९७ सालीं निघालें, आणि त्या ठशांची वर्गवारी बसविण्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां अंमलदारांचा मोठा वांटा होता, हें मी वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. त्या दिवशीं ठसेतज्ज्ञानें कपाटावर पूड फिरविली आणि स्पष्ट ठसे उमटले. ते माझे होते.

गल्लींतले दोन गृहस्थ पंच म्हणून बोलावले. घराच्या चतुःसीमा, दाराची दिशा, कपाटाची उंची असें लिहीत लिहीत लेखनिक त्या वाक्याशीं आला. खिडकीस कांच नाहीं. खोलींत केराची सुपली असून तींत कांचेचे तुकडे गोळा केलेले आढळले. सर्व मोठ्यानें वाचून दाखविलें, तुकडे पुडक्यांत बांधून लाखेची मोहोर केली, वरच्या चिठ्ठीवर पंचांनीं सह्या केल्या. त्या सबंध लिखाणांत कोणावर संशय नव्हता. डोळ्यांस दिसलें तेवढेंच होतें. आणि त्याच वेळीं बाहेर ओसरीवर बायका म्हणत होत्या, “किल्ली तिच्याकडेच होती ना?” मीं मान हलविली होती, हें मला येथें लिहिलेंच पाहिजे.

बाईला दोन दिवस चौकशीस बोलावलें आणि सोडलें. तिच्याविरुद्ध कांहीं निघालें नाहीं. तिच्या बाजूनेंही निघालें नाहीं. पाटल्या मिळाल्या नाहींत. काकूंनीं तिचें काम बंद केलें. महिन्याभरांत गल्लींतल्या उरलेल्या घरांनींही केलें.

पुढें तीनच महिन्यांनीं, १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळीं, आमच्या कोल्हापुरांत गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेस पानसरे मुंबईच्या रुग्णालयांत वारले. सारें गांव हळहळलें. त्या खटल्याच्या बातम्या वाचतांना गोळ्या व रिकाम्या पुंगळ्या यांच्या तपासणीचा उल्लेख आला कीं मी तेथेंच थबकत असें. पिस्तुलाची पिन पुंगळीच्या बुडावर आपला ठसा उमटविते. दोन पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखालीं शेजारीं ठेवल्या तर त्या एकाच पिस्तुलांतून सुटल्या कीं नाहीं, हें पाहतां येतें. ऑगस्ट २०१५ मध्यें धारवाडास कलबुर्गी यांचा आणि सप्टेंबर २०१७ मध्यें बंगळुरास गौरी लंकेश यांचा खून झाला; दोन्हीकडे एकच पिस्तूल होतें, असें कर्नाटकांतील तज्ज्ञांनीं अशाच पुराव्यावरून ठरविलें. बोटाच्या पेराएवढी ती पुंगळी! एखाद्यानें पायानें सहज बाजूस सारली तर? दहा वर्षें उलटलीं तरी पानसरे यांचा खटला संपलेला नव्हता. इतक्या दीर्घ काळांत माणसांच्या आठवणी पुसट होतात. पहिल्या दिवशीं टिपलेलें व मोहोर केलेलें तेवढेंच तसेंच्या तसें उरतें.

१ जुलै २०२४ पासून देशांत नवा कायदा आला. झडती व जप्ती यांचें चित्रण आतां करावें लागतें, आणि सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानें जागेवर गेलेंच पाहिजे, असा नियम झाला. तो लागू करण्यास राज्यांना पांच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. नियम चांगला खरा. परंतु तज्ज्ञ येण्यापूर्वींचा अर्धा तास आपल्या हातीं असतो, आणि आपल्यासारख्या घरांतून हातास पहिला आठवतो तो केरसुणीचा मुठा. भगिनींनो, तसा प्रसंग कोणावर न येवो; आलाच तर घायाळ माणसास आधीं मदत करावी, बाकी सर्व जेथल्या तेथें ठेवून दार लोटून घ्यावें, आणि बाहेर येऊन बसावें. चहा आपल्या घरीं करावा.

मागच्या श्रावणांत कपिलतीर्थाच्या मंडईंत ती बाई मला भेटली. भाजी विकत होती. मीं ओळख दाखविली, तिनेंही दाखविली. मेथीची जुडी माझ्या पिशवींत ठेवीत ती म्हणाली, “मास्तरीणबाई, तवा कांचा तुमीच गोळा केल्या हुत्या न्हवं? आत हुत्या का भाईर, येवढं जरी तुमी सांगितलं असतं!”

“मला आठवलें नाहीं, बाई,” मी म्हणालें. तें खरें होतें. ओसरीवर मान हलवितांना मात्र मला आठवणीची गरज भासली नव्हती. तेंही तिला सांगावें असें मनांत आलें, आणि मीं तें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. सुटे पैसे मोजून तिनें माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.