गोधडी आणि लाल त्रिकोण

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. हे, मी आणि सासूबाई महेश्वरहून इंदूरला परतत होतो. मानपूरचा घाट चढताना गाडीच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गाडीचा जोरही कमी झाला. थांबत थांबत कसंबसं घर गाठलं.

गाडी हायब्रिड, यांनी निवृत्तीनंतर हौसेने सेकंड हँड घेतलेली. वॉरंटी केव्हाच संपलेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली. तासाभरात निकाल आला, "मॅडम, हायब्रिड बॅटरी गई. नई डलेगी." खर्च दोन लाखांच्या वर! सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी माझ्या डोळ्यांसमोर आली.

यांनी सहीसाठी पेनही काढलं होतं. पण मी ३१ वर्षं बँकेत काढलेली. व्हाउचर न वाचता सही करणं मला जमत नाही. म्हटलं, "मशीनवर नेमकं काय आलं, ते छापून द्या." जरा कुरकुर झाली, पण कागद मिळाला. त्यावर कोड होता पी०ए७ई.

बडोद्याला माझा भाचा गाड्यांच्याच कामात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, सही करू नकोस. बॅटरी बदला असं सांगणारा कोड पी०ए८०. तुझा कोड म्हणतोय, बॅटरी फार तापली. का तापली, ते आधी बघायला हवं." मग त्याने समजावलं. आमच्या गाडीत ही बॅटरी मागच्या सीटच्या मागे असते. तिला थंड ठेवणारा पंखा सीटशेजारच्या जाळीतून गाडीतलीच हवा ओढतो. "जाळी बघ, पण आत हात घालू नकोस. नारिंगी वायरींत दोनशे व्होल्टच्या आसपास वीज असते."

जाळी बघितली आणि ओशाळले. तिच्यावर आमचीच गोधडी! सासूबाईंना सीट टोचते म्हणून मीच अंथरलेली.

हायब्रिडचं काम जाणणाऱ्या मेकॅनिकने पंखा काढला, तर पात्यांवर धुळीचा जाड थर. त्याने सफाई केली, बॅटरीच्या प्रत्येक भागाचा व्होल्टेज तपासला. सगळे सारखे निघाले. बिल झालं २,२०० रुपये. त्यानंतर तोच घाट दोनदा चढलो, त्रिकोण काही पेटला नाही.

सर्व्हिस सेंटरने मुद्दाम फसवलं, असं मी म्हणणार नाही. कारण शोधण्यापेक्षा भाग बदलणं सोपं, एवढंच. आणि अर्धी चूक तर माझीच होती. पण मंडळी, मोठ्या दुरुस्तीला होकार देण्याआधी कोड छापून मागा आणि त्याचा अर्थ विचारा. विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला, असं होत नाही.

गोधडी अजून गाडीत असते. फक्त आता तिची घडी घालून सासूबाईंच्या पाठीशी ठेवते आणि निघण्याआधी जाळी मोकळी आहे ना, ते बघते.