सावजी रस्सा

पवनीला आमच्या भिंतीपलीकडे कोष्ट्यांचे माग दिवसभर खटखटत. संध्याकाळी माग थांबले, की मसाल्याचा वास भिंत ओलांडून येई आणि बाबांचे जपातले लक्ष उडे. आमच्या घरी मांस शिजत नसे. बाबा शेजारी ‘हिशेबाला’ जात. आईने कधी हिशेब विचारला नाही.

यंदा बाबा नव्वदीचे झाले. अन्न सुटत चालले. परवा म्हणाले, “वहिनींच्या हातचा रस्सा एकदा मिळता तर...” वहिनी केव्हाच गेल्या. आईही नाही.

मागच्या पडवीत मी चूल मांडली. बोकडाचे मटण, धने, खसखस, दगडफूल, मोठी वेलची, सुके खोबरे आणि मूठभर भिवापुरी मिरची! नुसता जाळ झाला. बाबांनी ठसका देत ताट सरकवले. सावजी म्हणजे तिखटाची शर्यत, हा माझा समज. नागपूरच्या खाणावळींतून आलेला.

शेवटी वहिनींच्या सुनेला विचारले. ती हसली. “भाऊजी, सासूबाई जवसाच्या तेलात करत. मसाला एकेक जिन्नस वेगळा भाजून पाट्यावर वाटायचा. दाटपणाला थोडे ज्वारीचे पीठ. आणि घाई नाही.”

माळ्यावरून पाटा उतरवला. खांदे भरून आले. तेल वर तरंगले, तेव्हा तो जुना वास पडवीत पसरला.

बाबांनी भाकर मोडली, रश्शात बुडवली. दोन घास झाले तरी बोलेनात. मग म्हणाले, “वहिनी मीठ जरा कमी घालायच्या.”

आणि वाटी पुढे केली.