चाकांवरचं घर लहान पडलं!

मुलांनो, घरात माणसं वाढली आणि जागा पुरेना, की तुमच्याकडे काय करतात? कुणी माळ्यावर सामान टाकतं, कुणी गॅलरी बंद करून घेतं, गावाकडे पडवीला आडोसा करून एक खोली काढतात. पण घरालाच चाकं असली तर? मग ना पडवी, ना गॅलरी. बाजारात जाऊन दुसरं मोठं घर बघायचं आणि ते चालवत आणायचं! असा घरांचा बाजार मी २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत अमेरिकेत पाहिला. त्याचीच हकिगत सांगते.

माझा थोरला भाऊ शिकागोला नोकरी करतो. दादाकडे एक जुनं मोटारघर होतं, २४ फूट लांबीचं. तिकडे अशा गाडीला 'आर. व्ही.' म्हणतात. पुढे ड्रायव्हरची जागा आणि मागे अख्खा संसार : शेगडी, फ्रिज, मोरी, एवढंसं संडास-बाथरूम. ड्रायव्हरच्या डोक्यावर कपाळासारखा पुढे आलेला भाग असतो, त्यात एक बिछाना. शिडीने चढायचं नि रांगत आत शिरायचं. तिथं माझा भाचा आणि भाची झोपत. मागच्या बाजूला दादा-वहिनींचा पलंग. आणि जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या, की तिसरा बिछाना तयार. चौघांना हे छान पुरत होतं.

मग आमचे बाबा गेले आणि आई दादाकडे राहायला गेली. २०२३ साली ती पहिल्यांदा या गाडीतून सहलीला गेली. तिच्या वाट्याला आला टेबलाचा बिछाना. आता बघा हं, टेबलावरच झोपायचं म्हणजे सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत आजीने जागं राहायचं. आणि पहाटे पाचला उठायची सवय, पण बिछाना उचलल्याशिवाय बसायला जागा नाही, नि बिछाना उचलला तर खडखडाटाने सगळे जागे. त्यात आईचे गुडघे दुखतात. आठ दिवसांत ती दमून गेली. पुढच्या सहलीच्या वेळी म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

दादा हट्टाला पेटला. "आई येणार नसेल तर गाडीच विकून टाकतो!" वहिनी म्हणाली, "विकायची कशाला? मोठी घेऊ." आई म्हणाली, "माझ्या एकटीपायी एवढा खर्च? मुळीच नको." मी तिथं पोचले तेव्हा हा वाद असा तीन तोंडांनी चालला होता. अखेर, "नुसतं बघून तर येऊ," असं ठरलं आणि एका शनिवारी आम्ही सहाजण एल्कहार्टला निघालो.

एल्कहार्ट हे इंडियाना राज्यातलं शहर. शिकागोपासून पावणेदोनशे किलोमीटर. नकाशात पाहाल तर मिशिगन सरोवराच्या खालच्या बाजूला सापडेल. सेंट जोसेफ नावाची नदी गावातून वाहते. या शहरात आणि आसपासच्या गावांत मोटारघरांचे इतके कारखाने आहेत, की अमेरिकेतली बहुतेक मोटारघरं इथलीच. आपल्याकडे येवल्याला पैठणी तसं इथं चालतं घर! १९३० नंतरच्या दशकात इथं मोटारीमागे ओढायची छोटी घरं बनू लागली नि धंदा वाढत गेला. पण हा धंदा हौसेचा. माणसाच्या खिशात पैसे कमी झाले, की पहिली काट हौसेला. २००८-०९ च्या मंदीत इथले कारखाने धडाधड बंद पडले आणि बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे काम मागणाऱ्या दर पाच-सहा माणसांतला एक रिकामा! २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा मुद्दाम या शहरात येऊन गेले.

इथली सगळ्यात मोठी गंमत मात्र रस्त्यावर दिसली. आमच्या मोटारीपुढे टापटाप करत एक काळी घोडागाडी चालली होती! आत दाढीवाला माणूस नि डोक्याला पांढरी टोपी बांधलेली बाई. हे आमिश पंथाचे लोक. ते घरात वीजमंडळाची तार घेत नाहीत, स्वतःची मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीने नाहीतर सायकलने फिरतात. शिप्शेवाना नावाच्या गावात तर दुकानांबाहेर घोडे बांधायला दांड्या ठोकलेल्या आहेत. आणि मुलांनो, मोटारघरांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांत हे आमिश लोक पुष्कळ आहेत. सुतारकामात त्यांचा हात धरणारे थोडे. दिवसभर मोटारघरं बांधायची आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी जायचं!

एल्कहार्टमध्ये या गाड्यांचं एक संग्रहालय आहे. तिथं १९१३ सालचं, मोटारीमागे ओढायचं लाकडी घर आहे. मे वेस्ट या प्रसिद्ध नटीला सिनेमा कंपनीने दिलेली १९३१ सालची शेवरोले घरगाडीही तिथं ठेवली आहे. आत डोकावलं तर छोटी शेगडी, टेबल नि बाहेर बसायला मागे चक्क ओसरी! आईने ती ओसरी तेवढी निरखून पाहिली आणि म्हणाली, "हे बरंय. संध्याकाळी दिवेलागणीला बसायला."

मग दुकान. दुकान कसलं, मैदानच! शेकडो मोटारघरं ओळीने उभी. त्यांचे तीन प्रकार : ए, बी आणि सी. तुम्ही म्हणाल, ए मोठं, बी मधलं, सी लहान. छे! सगळ्यात लहान बी. आपल्या टेम्पो-ट्रॅव्हलरएवढी गाडी, आत कसाबसा दोघांचा संसार. सी म्हणजे दादाकडे होतं तसं, कपाळवालं. आणि ए म्हणजे एस्टीपेक्षाही लांब, समोर भलीमोठी काच. भाचा धावत ए मध्ये घुसला तो बाहेर येईना. आत सोफा, टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा!

पण खरी जादू मला विक्रेत्याने बटण दाबल्यावर दिसली. घर्रर्र आवाज झाला आणि गाडीची भिंत, सोफा-टेबलासकट, हळूहळू बाहेर सरकली! सरकत सरकत चांगली दोन-अडीच फूट गेली. आतली अरुंद वाट बघता बघता खोलीएवढी झाली. काडेपेटीचा आतला खण ढकलला की बाहेर येतो ना, अगदी तस्सं.

असं का करावं लागतं? तर रस्त्यावरून जाणारी गाडी तिथल्या कायद्याने साडेआठ फुटांहून रुंद असून चालत नाही. घर मात्र रुंद हवं. म्हणून चालताना भिंत आत, थांबल्यावर बाहेर. एल्कहार्टजवळच्या नॅपनी गावातल्या न्यूमार कंपनीने १९९० साली मोटारघराला अशी भिंत पहिल्यांदा बसवली. आता बहुतेक मोठ्या गाड्यांना असते, काहींना तर तीन-तीन, चार-चार.

आम्ही हरखून गेलो, पण वहिनी हिशोबी. ती म्हणाली, "भिंत आत घेऊन दाखवा." भिंत आत गेली आणि काय! सोफा थेट ओट्याला भिडला. संडासाचं दार उघडेना. म्हणजे वाटेत गाडी बाजूला घेऊन आजीला जायचं झालं तर आधी भर रस्त्यात घर पसरा! ती गाडी तिथंच बाद.

दुसऱ्या एका गाडीवर पाटी होती, 'आठजण झोपतील'. भाचीने पट्टे मोजले. सीटला बांधायचे पट्टे हो! ते चारच. झोपायला आठ आणि बसून जायला चार? बाकीच्या चौघांनी मागून पळत यायचं की काय? तीही बाद.

तिसरी गाडी दादाच्या मनात भरली. तीन सरकत्या भिंती, चकचकीत. आता हे गणित वहीत मांडा बरं. प्रत्येक मोटारघरात दाराजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली असते. गाडीत माणसं, पाणी, सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहितात. या गाडीच्या चिठ्ठीवर होतं ९०० पौंड, म्हणजे सुमारे ४०८ किलो. दादा ७४ किलो, वहिनी ५८, आई ५६, भाचा ४८, भाची ३४. झाले २७०. पाण्याची टाकी ४० गॅलनची. एक गॅलन पाणी म्हणजे पावणेचार किलोच्या जरा वर, तेव्हा टाकीचे दीडशे किलो धरा. बेरीज ४२०! अजून तांदळाचा डबासुद्धा चढवला नाही. भिंती सरकवायच्या यंत्रांचंच वजन इतकं, की माणसांच्या वाट्याला काही उरलेलं नव्हतं. दादाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि निमूट खाली उतरला.

हां, एक राहिलंच. निघताना माझ्या चौथीच्या वर्गाने मला प्रश्नांची यादी दिली होती. पहिलाच प्रश्न : 'बाई, गाडीतल्या संडासाचं पाणी रस्त्यावर सांडतं का?' नाही रे बाबांनो. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची, तिसरी संडासाची. मुक्कामाच्या ठिकाणी जमिनीत एक तोंड असतं, त्याला जाड पाइप लावून दोन्ही घाण टाक्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आमच्या घरी हे काम दादाकडे आहे. हातमोजे घालतो नि कुणाशी बोलत नाही.

दुपारी आम्ही भाकरी-चटणीचा डबा खाल्ला आणि भाच्याने विषय काढला, "बाबा, तीच मोठ्ठी घेऊ ना, ए!" दादाने त्याला समजावलं. गाडी जितकी लांब, तितक्या जागा कमी. जुन्या राष्ट्रीय उद्यानांतले मुक्कामाचे गाळे लहान गाड्यांसाठी आखलेले. काही रस्ते तर आणखी कडक. मोंटाना राज्यात ग्लेशियर नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला डोंगरातला 'गोइंग-टू-द-सन' रस्ता १९३२ साली पुरा झाला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाईच आहे. लोक आपली घरं खाली ठेवतात आणि १९३० च्या दशकातल्या धाटणीच्या लाल बसमधून वर जातात. शिवाय पेट्रोल! मोठं मोटारघर लिटरला साडेतीन-चार किलोमीटर धावलं तरी पुष्कळ.

उन्हं उतरताना एक गाडी सापडली. नवी नव्हे, आठ वर्षं वापरलेली. सी जातीची, ३१ फूट, एकच सरकती भिंत. भिंत आत असतानाही संडासाचं दार उघडत होतं. पट्टे सहा. चिठ्ठीवर १,९८० पौंड, म्हणजे जवळजवळ ९०० किलो. मागे दादा-वहिनींचा पलंग, आणि मधल्या भागात खालीच एक वेगळा बिछाना, पडदा ओढून घेता येईल असा.

सगळे आईकडे बघायला लागले. आईने आधी पायऱ्या मोजल्या. तीन. दांडी धरून चढली. ओट्यापाशी उभी राहून पोळपाट मावेल का ते हाताच्या वितीने मोजलं. मग चपला काढून त्या बिछान्यावर चक्क आडवी झाली आणि पडदा ओढून घेतला. आत काही बोलणं नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. भाची हळूच म्हणाली, "आजी झोपली की काय?" पडद्याआडून आवाज आला, "किंमत काय सांगतोय तो?"

किंमत होती ६२ हजार डॉलर. आईने मनातल्या मनात रुपये केले असणार, कारण ते होतात एकावन्न लाखांच्या पुढे! ती उठून बसली आणि म्हणाली, "जुनी गाडी घेऊन त्याची किंमत वजा करेल का, विचार. आणि पन्नासला मागून बघ." दादाने विचारलं. पन्नासला काही मिळाली नाही. पण घासाघीस होऊन ५७ हजारांवर आली, त्यातून जुन्या गाडीचे पैसे वळते झाले.

आठवड्याने गाडी ताब्यात मिळाली. एका माणसाने दोन तास बसून सगळं शिकवलं. कोणती झडप कधी उघडायची, गॅस कुठे बंद करायचा, बॅटरी कशी बघायची. सरकत्या भिंतीचं बटण आईने मागून घेतलं. आता मुक्कामाला पोचलं, की ते दाबायचं काम तिचं. पण आधी ती खाली उतरते, गाडीला वळसा घालते आणि आड झाडबीड नाही ना, ते बघून येते.