डावा आटा

आमच्या घरी देवाच्या कोनाड्यात दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एक हरिपाठाचे आणि दुसरे जीपच्या सुट्या भागांचे. पहिले आबांना पाठ आहे. दुसरे इंग्रजीत असल्यामुळे त्यांना धड वाचता येत नाही, तरी त्यालाही ते आंघोळीशिवाय हात लावत नाहीत. लहानपणी मला या गोष्टीचे हसू येई. मोठी झाल्यावर थोडा रागही येऊ लागला. वडील म्हणत, "भंगारवाल्यानं जीप नेली तर त्याला हे बुकही द्या, वजनात भर पडंल." मीही त्यांच्या बाजूने हसत असे.

आमची जीप जुनी आहे. 1947 साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. हिला सीजे-थ्री-बी म्हणतात. अमेरिकेत या जातीची जीप 1968 साली बंद झाली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे बनत राहिली. एंजिनाच्या माथ्यावर वाल्व आल्याने एंजिन उंच झाले आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. म्हणून समोरून पाहिले की ती मान ताठ करून उभी असल्यासारखी दिसते. डिंभे धरणाच्या कामावर राबलेली ही गाडी आबांनी 1982 साली लिलावात घेतली. तिने टोमॅटोच्या पाट्या नारायणगावच्या बाजारात नेल्या, वऱ्हाडे नेली, आणि धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या आंबेगावातल्या माणसांचे सामानही वर आणले. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते गाव आज हुतात्मा बाबू गेनू सागराच्या तळाशी आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. ते सामान वाहणारी जीप मात्र आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत आबांच्या मनाने घेतले की गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. जुन्नरचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो, हाताने जीप ओळखतात. पण इंग्रजीशी त्यांचेही वाकडेच. तेव्हा कॅटलॉग वाचण्याचे काम माझ्याकडे आले. "कॉलेजात इंग्रजी शिकतीस ना? मग वाच," आबा म्हणाले.

मी तो ग्रंथ प्रथमच नीट उघडला आणि त्यात गुंतून गेले. प्रत्येक पानावर एखाद्या यंत्राचे चित्र आहे. पण ते जोडलेले नाही, सुटे केलेले. जणू सारे भाग एकमेकांपासून थोडे दूर सरकले आणि आपापली ओळ न मोडता हवेत थांबले. जो भाग ज्याच्या आत बसतो तो त्याच्या समोरच काढलेला असतो. प्रत्येकाला चित्रात एक लहान आकडा. तो आकडा घेऊन समोरच्या तक्त्यात जायचे. तिथे त्या भागाचा खरा लांबलचक नंबर, नाव आणि एका गाडीला तो किती लागतो ते मिळते. काही ठिकाणी अमुक चॅसी नंबरापर्यंत एक भाग आणि त्यापुढे दुसरा, असेही असते. म्हणून आधी आपल्या गाडीचा नंबर माहीत हवा. दोन भाग डोळ्यांना अगदी जुळे दिसले तरी त्यांचे नंबर वेगळे असू शकतात.

आणखी एक गोष्ट मला चाचांनी शिकवली. तक्त्यात डावा, उजवा असे लिहिलेले असते. मी गाडीसमोर उभी राहून डावीकडे बोट दाखवले, तेव्हा ते हसले. "असं नाही बेटा. आत जाऊन बस, तोंड पुढं कर. आता बघ डावा कुठला. गाडीचा डावा-उजवा गाडीत बसूनच ठरतो."

पण मला खरे वेड लावले ते समासांनी. आबांनी जो जो भाग बदलला, त्याच्या ओळीशेजारी पेन्सिलीने तारीख आणि ठिकाण लिहिले आहे. 'क्लच प्लेट, आंबेगाव, सामान वाहताना.' 'पंख्याचा पट्टा, माळशेज, पाऊस.' 'पाण्याचा पंप, ओझर, चतुर्थी.' चाळीस वर्षांचे आयुष्य एका माणसाने नट-बोल्टांच्या कडेला लिहून ठेवले होते, आणि आम्ही त्या पुस्तकाला भंगाराच्या तराजूत घालत होतो.

चाकांच्या नटांचे कोपरे झिजून गोल झाले होते, पाना घसरत होता. आबांनी चारी चाकांचे नट बदलायचे ठरवले. एका चाकाला पाच, म्हणजे वीस. मी पान काढले. तिथे चाकाचा नट दोनदा छापलेला होता. दोन ओळी, दोन नंबर, प्रत्येकापुढे दहा. पुढची अक्षरे पुसट होती आणि त्यांवर आबांच्या पेन्सिलीची जाड रेघ होती. मला वाटले, नट तो नट, त्यात दोन प्रकार कसले? मी पहिल्या ओळीचा नंबर पुण्याला फोनवर सांगितला आणि त्याचेच वीस मागवले.

नट आले. उजव्या बाजूचे दहा नट झरझर बसले. डावीकडे मी स्वतः लावायला घेतला. तो काही धरेना. बोटांनी होईना म्हणून मी पाना उचलला आणि अंगातले बळ त्यावर टाकणार, तोच आबा ओरडले, "जोर लावू नको! सोड तो पाना!"

त्यांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून नट घेतला, आट्यांवरून नख फिरवले आणि म्हणाले, "नंबर बघितला न्हाईस." एवढे बोलून ते घरात निघून गेले. दहा नटांसाठी एवढा राग! मी संध्याकाळी जेवलेही नाही.

रात्री आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिने सांगितले ते असे.

1983 सालचा आषाढ. जीप घरी येऊन वर्षही झाले नव्हते. आपटाळ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली बाई अडली होती. आबा तिला घेऊन रात्रीच जुन्नरला निघाले. वाटेत डावे मागचे चाक बसले. भर पावसात कंदिलाच्या उजेडात आबा नट सोडवू लागले. नट हलेना. त्यांनी पान्याला पाइप लावला, त्यावर उभे राहिले. पण जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात; चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ती योजना असे. पुढे बहुतेक मोटारींत ती राहिली नाही. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या आबांना हे कुठून ठाऊक असणार? ते सोडवत नव्हते, आवळत होते. दोन स्टड मोडले. तसेच बसल्या चाकावर गाडी रेटली, तर ती चिखलात रुतली. शेवटी बैलगाडी आणली. जुन्नरला पोचेतो उजाडले होते. बाई वाचली, मूल गेले.

"कुणी बोल लावला न्हाई ह्यांना," आजी म्हणाली. "त्या बाईच्या सासऱ्यानं उलट पायाला हात लावला. त्याचंच लई लागलं त्यांना. मग पुण्याच्या जुन्या बाजारात स्टड हुडकायला गेले, तिथं हे बुक घावलं. गावातल्या मास्तरांकडून एक एक ओळ वाचून घेतली."

मी उठले आणि दिव्याखाली ते पान पुन्हा उघडले. दुसऱ्या ओळीवरची जाड रेघ म्हणजे खाडाखोड नव्हती, खूण होती. तिच्या शेजारी आषाढातली ती तारीख आणि दोनच शब्द होते: 'डावा आटा'. इतर प्रत्येक नोंदीत गावाचे नाव आहे, या एका नोंदीत नाही. चाचांनी मला गाडीत बसवून डावी बाजू दाखवली होती. आबांच्या जागी बसून मात्र मी कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नारायणगावहून एसटीने पुण्याला गेले. नाना पेठेतल्या तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने माळ्यावरून गंजलेला डबा उतरवला. मी नंबराचा एक एक आकडा मोठ्याने वाचला, त्यांनी पाकिटावरचा वाचला. दोन्ही जुळले. तरी मी एक नट हातात घेऊन आट्यांवर नख फिरवून पाहिले.

घरी आल्यावर पहिला नट मी आबांच्या हाती दिला. त्यांनी तो स्टडवर टेकवला आणि दोन बोटांनी डावीकडे फिरवला. तो एकदाही न अडखळता आत गेला. आबा काही बोलले नाहीत. उरलेले नऊ नट मी लावले.

मग त्यांनी मला पेन्सिल आणि कॅटलॉग आणायला सांगितले. "लिही. आजची तारीख घाल."

मी तारीख घातली. 'चाकाचे नट, वीस' असे लिहून थांबले.

"दहा चुकीचे आले होते, ते पण लिही," आबा म्हणाले. "म्होरं कुणी वाचलं तर त्याला कामाला यील."

मी तेही लिहिले, आणि पुस्तक हरिपाठाशेजारी कोनाड्यात ठेवून दिले.