बोडोमची पोरं

एस्पो हे नाव सांगितलं की भारतातल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. 'हेलसिंकीच्या शेजारी' म्हटलं तरी नाही. 'नोकियाचं मुख्यालय आहे तिथे' म्हटलं की आपला जुना ३३१० आठवून माणसं जरा हसतात, इतकंच. २०१४ साली सुट्टीत डोंबिवलीला गेलो होतो, तेव्हा मात्र माझा सतरा वर्षांचा भाचा, मे महिन्यातही काळा टी-शर्ट घालणारा, जेवता जेवता ताटावरून उठून उभा राहिला. "मामा, एस्पो म्हणजे बोडोमचं एस्पो?"

मी त्या तळ्यापासून गाडीने पंधरा मिनिटांवर राहत होतो. तीन वर्षं. मुलीला ओइत्ताच्या किनाऱ्यावर पोहायला नेत होतो, थंडीत तिथेच स्कीइंगला. त्या तळ्याचं नाव लावणारा एक बँड आहे आणि डोंबिवली पूर्वेतली पोरं तो रात्र रात्र ऐकतात, याचा मला पत्ता नव्हता. आळंदीत राहून ज्ञानेश्वरांचं नाव न ऐकलेल्या माणसाकडे पाहावं, तसं भाच्याने माझ्याकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "अरे, जेव आधी."

एस्पो खरं तर सांगायलाच कठीण. वस्ती तीन लाखांच्या वर, फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण मधोमध असं काही नाही. पाच वेगवेगळी केंद्रं आणि त्यांच्यामध्ये जंगल, खडक, तळी. डोंबिवलीकराला शहर म्हटलं की स्टेशन लागतं. पूर्व की पश्चिम एवढं सांगितलं की माणूस सापडतो. इथे स्टेशनं आहेत, मेट्रोही आली, पण 'स्टेशनवर भेटू' म्हणावं असं स्टेशन नाही. हेलसिंकीची माणसं एस्पोला झोपायला जायचं गाव समजतात. अशा गावात वाढणाऱ्या पोरांनी आपण कुठले म्हणून सांगायचं?

बोडोमचं नाव इथे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते दबक्या आवाजात घ्यायचं. जून १९६० मध्ये त्या तळ्याच्या काठी चार तरुण मुलं तंबू ठोकून राहिली होती. रात्रीतून त्यांच्यातली तिघं मारली गेली, एक जखमी अवस्थेत वाचला. खुनी सापडला नाही. चव्वेचाळीस वर्षांनी, २००४ मध्ये, वाचलेल्या माणसालाच अटक झाली आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. प्रकरण आजही तिथेच आहे. इथल्या आयांनी पोरांना संध्याकाळी लवकर घरी बोलवण्यासाठी ते किती वर्षं वापरलं असेल, याचा अंदाज कोणत्याही मराठी माणसाला यावा. आपल्याकडे वडाचं झाड पुरतं, त्यांच्याकडे तळं होतं.

तो बँड काढणाऱ्या अलेक्सी लाइहोचा जन्मही इथलाच, ८ एप्रिल १९७९ चा. लहानपणी व्हायोलिन शिकला, अकरा वर्षांचा असताना हातात गिटार आली. १९९३ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्याने आणि ड्रम वाजवणाऱ्या यास्का राटिकाइनेनने बँड काढला. नाव होतं 'इनअर्थ्ड'. हे नाव टिकलं असतं तर माझा भाचा ताटावरून उठला नसता. एका परदेशी कंपनीशी करार होऊन बसला होता, तेवढ्यात घरच्या कंपनीकडून चांगला प्रस्ताव आला. जुन्या करारातून सुटायचं तर नवं नाव हवं. पोरांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि पानं चाळता चाळता त्यांना बोडोम सापडलं. झाले 'चिल्ड्रन ऑफ बोडोम'. मला ही गोष्ट फार आवडते. जगभर गाजलेलं नाव, आणि ते सापडलं कुठे, तर वाण्याचा नंबर शोधायच्या पुस्तकात.

तिथून पुढे त्यांनी त्या तळ्याला सोडलं नाही. १९९७ च्या 'समथिंग वाइल्ड' या पहिल्या अल्बमपासून बऱ्याच अल्बमवर बोडोमचं नाव असलेलं एखादं गाणं आहे आणि प्रत्येक मुखपृष्ठावर हातात विळा घेतलेला मृत्यू उभा आहे. कधी तो लाल पार्श्वभूमीवर असतो, कधी निळ्या, कधी हिरव्या. दरवर्षी फक्त रंग बदलणाऱ्या कालनिर्णयसारखं.

डोंबिवलीहून परत आल्यावर मी ऑफिसात चौकशी केली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक फिन्निश सहकारी बसायचा. तीन वर्षांत आमचं बोलणं कॉफी, हवामान आणि कोडमधले बग यापलीकडे गेलेलं नव्हतं. इथे हे तुसडेपणाचं लक्षण नाही. बोलण्यासारखं असेल तेव्हा बोलावं, असा साधा हिशेब आहे. मी बोडोमचं नाव काढलं तसा तो पाच सेकंद माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने खणातून हेडफोन काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "हे आमच्याच बाजूच्या पोरांनी केलंय." तीन वर्षांतलं त्याचं ते सर्वांत खासगी वाक्य होतं.

आता खरं सांगतो. पहिलं मिनिटभर मला काही कळलं नाही. ड्रमचा मारा, त्यावर घसा फाडून किंचाळणारा एक आवाज. शब्द इंग्रजी असल्याचं मला नंतर सांगण्यात आलं. माझा मामेभाऊ नव्वदच्या दशकात धोबी तलावच्या रंगभवनात 'आय-रॉक' ऐकायला जायचा, तेव्हा आजी म्हणायची की याच्या अंगात येतं. आजीची बाजू मला पहिल्यांदा पटली. पण हेडफोन काढणार एवढ्यात गिटारचा एक तुकडा आला आणि हात थांबला.

मी लहानपणी सहा वर्षं पेटी शिकलोय. फार पुढे गेलो नाही, पण सूर ओळखू येतात. कोमल गंधार, कोमल धैवत आणि वर शुद्ध निषाद. कीरवाणी! पाश्चात्त्य संगीतात त्या सप्तकाला हार्मोनिक मायनर म्हणतात, आणि अलेक्सीच्या पिढीच्या गिटारवादकांनी ते बाख-मोझार्टच्या वाटेने उचललेलं आहे, कर्नाटक संगीतातून नव्हे. पण माझ्या कानाला त्याच्याशी काय करायचंय? कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर उडी पडली की पोटात जो खड्डा पडतो, तो डोंबिवलीच्या शिकवणीत पडायचा तसाच एस्पोच्या ऑफिसातही पडला. फक्त आमचे मास्तर जिथे पाच सूर लावायचे, तिथे हा गृहस्थ तीस लावत होता आणि एकही पुसट नव्हता.

त्याहून मोठी गंमत पुढे होती. यान्ने विरमान नावाचा कीबोर्डवादक, मुळात जॅझ शिकलेला, त्याच चालीने मागून येत होता. गिटारने एक ओळ टाकायची, कीबोर्डने ती उचलायची, थोडी वळवून परत द्यायची, आणि शेवटी दोघांनी एकत्र सुसाट सुटून नेमक्या ठिकाणी येऊन आदळायचं. याला आपण सवाल-जवाब म्हणतो. तबल्याची आणि सतारीची जुगलबंदी ऐकून वाढलेल्या माणसाला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही, फक्त आधी त्या किंचाळण्यातून वाट काढावी लागते. माझं मत विचाराल तर त्या काळातल्या बऱ्याच हेवी मेटल बँडमध्ये कीबोर्ड मागे धुकं सोडायला असायचा. इथे त्याला बोलायला दिलं होतं. या बँडची ओळख म्हणून मी आधी हे सांगेन, किंचाळणं नंतर.

अलेक्सीची गिटार इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची. हा आकार त्याने रँडी रोड्स या अमेरिकन गिटारवादकाच्या प्रेमातून घेतला. रोड्स १९८२ मध्ये विमान अपघातात गेला, वय अवघं पंचवीस. अलेक्सी तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. गुरूला न बघता शिकायची परंपरा आपल्याकडेही आहे, पण आपण एकलव्याकडून अंगठा मागतो. इथे कोणी काही मागितलं नाही.

शेवटचा कार्यक्रम १५ डिसेंबर २०१९ ला, हेलसिंकीच्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये झाला. सहकाऱ्याने दोन तिकिटं काढली होती, मला न विचारता. पंचेचाळिसाव्या वर्षी माझी पहिली मेटल मैफल. बाहेर काळ्या कपड्यांतली, कमरेपर्यंत केस वाढवलेली, दंडावर कवट्या गोंदवलेली शेकडो माणसं, आणि सगळी एकामागोमाग एक, मधे हातभर अंतर ठेवून रांगेत उभी. कोट ठेवायची रांग वेगळी, तीही तितकीच सरळ. आत दिवे गेले आणि पहिला दणका बसला, तेव्हा मला विसर्जनाच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या अगदी शेजारी उभं राहिल्यासारखं वाटलं. आवाज कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. पुढे धक्काबुक्कीचं रिंगण झालं होतं. त्यात एक जण पडला, आणि चार राक्षसी हातांनी त्याला उचलून उभं केलं, चष्मा शोधून दिला, मग पुन्हा धक्का मारला.

माझा सहकारी हात खिशात घालून उभा होता. दोन तासांत त्याने एकदा मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "बरं झालं." कशाबद्दल ते सांगितलं नाही.

बँड फुटला होता. बाकीच्यांना घरदार हवं होतं, अलेक्सीला रस्ता. जुनं नाव वापरण्याचे हक्क त्याला मिळाले नाहीत, तेव्हा त्याने 'फॉलो द रीपर' या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव उचललं आणि नव्या बँडचं नाव ठेवलं 'बोडोम आफ्टर मिडनाइट'. बाकी सगळं सुटलं तरी तळं सोडायचं नाही! करोनाच्या वर्षात मोजके कार्यक्रम झाले, तीन गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आणि ४ जानेवारी २०२१ ला, सोमवारी, बातमी आली की तो आदल्या आठवड्यातच, २९ डिसेंबरला, हेलसिंकीतल्या घरी गेला. वय ४१.

पुढे मार्चमध्ये त्याच्या सहचरीने कारण जाहीर केलं. दारूने यकृत आणि स्वादुपिंड पोखरलं होतं, शरीरात वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांचे अंश होते. काही जणांना हे सांगणं आवडलं नाही. मला आवडलं. या देशात कडक दारूची बाटली सरकारी दुकानांतच मिळते, ही दुकानं रविवारी बंद असतात, आणि तरी जवळजवळ प्रत्येक घरात याची एक गोष्ट असते, ती कोणी सांगत नाही. आपल्याकडेही 'अल्पशा आजाराने' या दोन शब्दांखाली काय काय पुरलेलं असतं! तिने ते पुरलं नाही.

त्या सोमवारी आम्ही सगळे घरूनच काम करत होतो. ऑनलाइन बैठकीत सहकाऱ्याने कधी नव्हे तो कॅमेरा चालू केला आणि म्हणाला की मी आज अर्धा दिवस रजा घेतोय. मी त्याला मेसेज केला. उत्तरात फक्त 'ओइत्ता, चार वाजता' आलं.

जानेवारीच्या सुरुवातीला इथे साडेतीनलाच सूर्य मावळतो. चारला पोचलो तेव्हा अंधारत होतं. पुढे पाणी आहे की बर्फ, तेही धड दिसत नव्हतं. त्याने पिशवीतून इथे थडग्यावर लावतात तशी झाकणाची मेणबत्ती काढली, पेटवली, काठावरच्या दगडावर ठेवली. दोन मीटर अंतर राखून आम्ही उभे होतो. साथीच्या आधीही तो इतक्याच अंतरावर उभा राहायचा. मला वाटलं आता गाणं लावेल. नाही लावलं. वीस मिनिटांनी तो म्हणाला, "माझी आई मला इथे येऊ द्यायची नाही." मग थोड्या वेळाने, "मी मुलांना आणतो." दोघेही गाडीकडे निघालो.

रात्री डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. तिथे दोन वाजले होते आणि तो रडत होता. नोकरीला लागलेला, चोवीस वर्षांचा मुलगा. त्याने विचारलं, "मामा, तू तळ्यावर गेला होतास?" हो म्हणालो. "माझ्या वतीने पण?" त्यालाही हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्या नावाची वेगळी मेणबत्ती लावून आलो, कारण खोटं बोललो होतो.

एप्रिल २०२१ मध्ये ती तीन गाणी बाहेर आली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आम्ही दोघांनी पाहिलेल्या शेवटच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आलं. ते ऐकताना मी त्या हॉलमधला स्वतःचा आवाज शोधतो. सहकाऱ्याचा शोधण्यात अर्थ नाही.

तुम्हाला ऐकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी, यावर आमच्यात एकमत नाही. भाचा 'हेट क्रू डेथरोल' म्हणतो, कारण फिनलंडच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. सहकारी 'हेटब्रीडर' म्हणतो, कारण तो १९९९ मध्ये वीस वर्षांचा होता. दोघेही चुकतात. २००० सालचा 'फॉलो द रीपर' घ्या.