गोदेचे टपाल

माझा एक जुना विद्यार्थी सागरी भूवैज्ञानिक आहे. आई अंथरुणाला खिळली, तशा जहाजावरच्या मोहिमा सोडून तो नाशकास आला. आता पंचवटीतल्या माडीवर बसून संगणकावर समुद्रतळाचे काम करतो. श्रावणात भेटायला गेलो, तेव्हा न राहवून म्हणालो, "समुद्र सुटला की रे तुझा!"

तो हसला. "गुरुजी, त्र्यंबकेश्वरी निघालेली गोदा १,४६५ किलोमीटर वाहते नि आपल्या काळ्या बसाल्टाची माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तळाच्या गाळात मी तीच वाचतो. घरचेच पत्र ते!"

आतून आईची हाक आली. तो लगबगीने उठला.

परतताना दुतोंड्या मारुतीच्या कमरेला गढूळ पाणी लागले होते. इतकी वर्षे मी त्याला पूर म्हणत आलो. त्या दिवशी वाटले, टपाल निघाले!